ताण दिलेला मोगरा

चाफा मी तोडवला त्याला आता वीस वर्षांच्या वर झाली. जानेवारी महिना होता. दुसऱ्या दिवशी घरगुती बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. पुढच्या अंगणात मी साठ कुंड्या तीन पायऱ्यांवर मांडल्या होत्या. पुढे पॅन्सी, मग पिटुनिया आणि डायँथस, त्यामागे डॉग फ्लॉवर, सगळ्यात मागे डेलिया. आणि त्या सगळ्याच्याही मागे, भिंतीलगत, अंगावर एकही पान नसलेला सासूबाईंचा चाफा. राखाडी, गाठाळ फांद्या वर करून उभा. माझ्या डोळ्यांना तो इतका खुपला की मी माळ्याला सांगितलं, काढून टाका. अर्ध्या तासात काम झालं. बुंध्यातून पांढरा चीक बराच वेळ ठिबकत होता, म्हणून मी त्यावर माती ओढली आणि वर पॉइन्सेटियाची कुंडी ठेवली.

सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चैत्रात गौर झोपाळ्यावर बसवली तेव्हा त्यांनी विचारलं, "सूनबाई, यंदा चाफा कुठून आणायचा?" मी बाजारातून मोगऱ्याच्या माळा आणल्या. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. त्यांच्या मनातून ती गोष्ट गेली का, हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला त्या नाहीत.

स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. तेही इथे सांगायला हवं, कारण त्या बक्षिसाने माझं मत आणखी दहा-बारा वर्षं पक्कं करून ठेवलं.

मत असं होतं, की बाग ती, जी बाराही महिने फुललेली दिसते. रिकामा वाफा दिसला की ती बाग करणाराची हयगय. फूल मलूल व्हायच्या आत रोप उपटावं, त्या जागी दुसरं लावावं. ऋतू बदलला म्हणून अंगणात काही उणं दिसता कामा नये. हे मी मैत्रिणींना सांगत असे, नवीन लग्न झालेल्या मुलींना सांगत असे, कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. आणि मी काही अडाणी नव्हते. उच्च माध्यमिकच्या मुलांना एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय मला नाही.

१९७९ साली लग्न होऊन मी पुण्याहून इंदूरला आले, ती थेट छत्रीबागेत. छत्री म्हणजे इथे दिवंगताच्या स्मरणार्थ उभारलेली दगडी, कोरीव वास्तू. होळकर घराण्यातल्या माणसांच्या छत्र्या इथे आहेत आणि त्यांच्याभोवती बाग होती, म्हणून ही छत्रीबाग. इंदूरच्या मराठी माणसाचा पत्ताच मुळी बागेत असतो. रामबाग, नारायणबाग, लालबाग, माणिकबाग. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता बाग नावापुरतीच आहे. आमच्या शेजारच्या मोहल्ल्याचं नाव बियाबानी, म्हणजे ओसाड रान. बाग आणि रान यांच्यामध्ये एका रस्त्याचं अंतर, हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं.

मी आले त्याच्या आदल्याच वर्षी नर्मदेचं पाणी इंदूरला पोचलं होतं. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी उचलून, विंध्याचा चढ चढवून ते इथे येतं. माझ्यासाठी नळाला पाणी ही साधी गोष्ट होती. सासूबाईंचा संसार मात्र त्याआधीच्या पाण्यावर झाला होता. यशवंतसागर, बिलावली आणि सिरपूरचे तलाव, घरामागचा आड. चैत्रानंतर आडाचं पाणी किती हात खाली गेलं ते त्या दोरावरून सांगत. बागेला त्या भाजी धुतलेलं पाणी घालत, तांदळाचं धुवण घालत, आणि उन्हाळ्यात बऱ्याच झाडांना काहीच घालत नसत. त्यांच्या अंगणात कुंड्या, म्हणजे इंदुरी मराठीत गमले, चार-पाचच. बाकी सगळं जमिनीत. गुलबक्षी, कोरांटी, तेरडा, जास्वंद, पारिजातक, एक मोगरा, बेल आणि चाफा. तुळशीवृंदावन मधोमध. मला ते अंगण बघून पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं की इथे कोणी कधी लक्षच दिलेलं नाही.

त्या अंगणाचा एक हिशेब मात्र मी पहिल्याच पावसाळ्यात बघितला आणि तो मला आवडला होता. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो. इथल्या हिंदी शेजाऱ्यांचं सावन त्याच्या पंधरा दिवस आधी, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून. त्यांचं राखीपौर्णिमेला संपतं, आपला पिठोरीपर्यंत चालतो. म्हणजे आमच्या गल्लीत श्रावण दीड महिन्याचा. शेजारच्या चाचीजी पहाटे हाक मारायच्या, "भाभी, सावन लग गया, बेलपत्र लूँ?" आणि सासूबाई परडी घेऊन बाहेर. मग आपले सोमवार, मंगळागौरीची पत्री, हरताळका, गणपतीच्या एकवीस पत्री, महालक्ष्म्यांना तेरडा. त्या अंगणातून दोन पंचांगांना पुरेल एवढी फुलं आणि पानं निघत. एक रोप विकत आणलेलं नव्हतं. मोठा भाग आपसूक उगवलेला होता.

सासूबाईंच्या हातून हळूहळू अंगण माझ्या हातात आलं. १९९०च्या दशकात मी तिथे कोटा फरशी बसवून घेतली. चिखल होत होता, मुलं शाळेच्या बुटांनी घरात येत होती, कारण खरंच होतं. कडेने हातभर रुंदीचे वाफे ठेवले, बाकी कुंड्या. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी नर्सरीतून शेकड्याने रोपं यायची. माळव्याची थंडी या फुलांना मानवते. दिवसा ऊन, रात्री पारा चांगला उतरतो, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी ती जी खुलतात तशी मी पुण्यातही पाहिली नव्हती. मार्च सरला की सगळं उपटायचं आणि झिनिया, पोर्टुलाका, कोचिया आणायचं. जूनला तेही उपटायचं. उपटलेली रोपं, वाळलेली पानं, काटक्या, सगळं पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत. हिवाळ्यात तुळशीची पानं थंडीने झडून नुसत्या मंजिऱ्यांच्या काड्या उरतात, म्हणून जानेवारीत मी वृंदावनापुढेसुद्धा उंच कुंड्या लावत असे. देवाचं झाड झाकून ठेवण्यापर्यंत माझी मजल गेली होती आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

निवृत्तीनंतर, २०१४ साली, मी बागेची वही घातली. हेतू साधा होता. कोणत्या आठवड्यात कोणतं फूल संपतं आणि कुठे खंड पडतो याची नोंद ठेवायची, आणि दोन वर्षांच्या नोंदींवरून एक असा तक्ता करायचा की वर्षात एकही आठवडा अंगण रिकामं राहणार नाही. रोज रात्री चार ओळी. वही दुरेघी, शाळेतली.

दोन वर्षं पुरी होत आली असताना, २०१६च्या जानेवारीत, पुण्याला माझी आई आजारी पडली. मी दीड महिना तिकडे होते. घरच्यांनी खालच्या कुंड्यांना पाणी घातलं, गच्चीवरच्यांना घालायचं राहून गेलं. मार्चमध्ये परत आले तेव्हा गच्चीवरच्या दोन्ही बोगनवेली अशा लगडल्या होत्या की पान दिसत नव्हतं. मोगऱ्याच्या सहा कुंड्या मात्र पार वाळल्यासारख्या. माती कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटलेली. मी वरून छाटल्या, माती हलवली, शेणखत घातलं, पाणी सुरू केलं, फार आशा न ठेवता. तीन आठवड्यांत प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्या. त्या वर्षी वैशाखात संध्याकाळी वेचलेल्या कळ्यांनी ताट भरत होतं. त्याआधीची किती तरी वर्षं मी त्याच मोगऱ्याला थंडीतही नेमाने पाणी घालत आले होते, आणि त्याने मला गर्द हिरवी पानं दिली होती आणि चार-सहा फुलं.

मी हे मोठ्या नणंदेला फोनवर सांगितलं. त्यांचं सासर वरुडचं, संत्र्याच्या बागा. त्या म्हणाल्या, "अगं, त्याला ताण बसला." संत्र्याचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात, झाड तहानेलं ठेवतात, पान गळू देतात, आणि मग पाणी सोडलं की फूल फुटतं. आंबिया बहार थंडीच्या विश्रांतीवर येतो, मृग बहार उन्हाळ्याच्या ताणावर. विदर्भातल्या कुठल्याही बागायतदाराला हे लहानपणापासून ठाऊक असतं. मग त्या म्हणाल्या, "आईपण माघात मोगऱ्याला पाणी घालत नव्हती, आठवत नाही तुला?" आठवत होतं. मला ते सासूबाईंचं दुर्लक्ष वाटलं होतं.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली. घराच्या कोपऱ्यावर रस्त्याचा नवा दिवा लागला, पांढरा, लख्ख. गुलदावदीच्या बारा कुंड्या होत्या माझ्या, त्यातल्या आठ अंगणाच्या त्या बाजूला. नोव्हेंबर संपत आला तरी त्या आठांना कळी नाही. पानं टवटवीत, उंची चांगली. जिन्यामागच्या चार कुंड्या मात्र वेळेवर फुलल्या. मी खत बदललं, माती तपासली, कीड शोधली. एका रात्री अंगणात कशाला तरी गेले आणि बघितलं, तर त्या आठ कुंड्यांच्या पानांवर वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. तेव्हा लक्षात आलं. गुलदावदी लघुदिन वनस्पती. तिला दिवस लहान हवा म्हणतात, पण खरं तर रात्र लांब हवी, आणि अखंड हवी. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा हा परिणाम १९२० साली दाखवून दिला. मी हा धडा एकतीस वेळा फळ्यावर शिकवला होता. "टिपा लिहा" या प्रश्नात तो दर दोन-तीन वर्षांनी येई. कुंड्या मी उचलून जिन्यामागे नेल्या आणि जानेवारीत, दोन महिने उशिराने, त्यांना फूल आलं.

फळ्यावर मी लिहीत होते की झाड रात्र मोजतं. घरी मात्र असं वागत होते की ऋतू हा झाडाच्या बाहेर आहे, एखाद्या अडचणीसारखा, आणि चांगल्या माळणीने तो झाडाच्या वाटेतून दूर करायचा असतो.

मग मी वही काढून बसले, तक्ता करायला. आणि तक्ता झाला नाही. कारण नोंदी वाचताना एक गोष्ट दिसली जी लिहिताना दिसली नव्हती. जानेवारीची पानं जवळजवळ कोरी होती. "छान दिसतंय. पाणी घातलं." "छान. दोन पाहुणे आले, फोटो काढले." "पाणी." साठ कुंड्या फुलल्या होत्या आणि माझ्याकडे त्याबद्दल लिहायला काही नव्हतं. उलट मे महिन्यातली, जूनमधली, सप्टेंबर-अखेरची पानं भरून समासात वळली होती. ज्या आठवड्यांना मी "खंड" म्हणत होते, त्याच आठवड्यांत मी जास्त वेळ अंगणात होते, वाकून, डोळ्यांवर चष्मा चढवून.

मे महिन्यातली एक नोंद देते, कारण तेव्हापासून मी ती दर वर्षी पडताळून पाहते. इथली माती काळी, कपाशीची. पारा ४२च्या पुढे गेला की ती तडकते, वाफ्यात बोट जाईल अशा भेगा पडतात. त्या वर्षी पाणी एक दिवसाआड होतं, म्हणून एक वाफा मी सोडून दिला होता. त्या वाफ्यातल्या भेगेतून एका सकाळी भाल्याच्या पात्यासारखा लालसर कोंब वर आला. पान नाही, काही नाही. चार दिवसांत त्याचा दांडा वीतभर झाला आणि टोकाला मुठीएवढा केशरी-लाल गोंडा फुटला. फुटबॉल लिली. शंभरेक बारीक फुलं, प्रत्येकाचे केसर बाहेर, टोकावर पिवळा पराग. तो कांदा मी लावला नव्हता. सासूबाईंचा, फरशीच्या आधीचा, वाफ्याच्या कडेला कसा तरी वाचलेला. वर्षातले बरेच महिने तो मातीखाली असतो, वर काही खूण नसते. मी दर वर्षी मार्च सरला की तो वाफा खणून त्यात झिनिया लावत आले होते, म्हणजे दर वर्षी त्याला नेमकं फुटायच्या वेळी उलथंपालथं करत होते. ज्या वर्षी काही केलं नाही त्या वर्षी तो वर आला.

जूनमधलं पान रेन लिलीचं आहे. पहिला मोठा पाऊस झाला की चार-पाच दिवसांत गुलाबी फुलं एकाच सकाळी उघडतात. नळीने कितीही पाणी घाला, तशी ती येत नाहीत. मी घालून पाहिलंय. आणि मग तेरडा. आमच्या फरशीच्या सांध्यांमध्ये माती साठते तिथे तो आपणहून उगवतो. पूर्वी मी सुरी घेऊन सांधे साफ करत असे. आता एक पट्टा मोकळा सोडलाय. भाद्रपदाच्या शेवटी त्याची बोंडं फुगतात, हिरवी, केसाळ, दोन्हीकडे निमुळती. पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की बोटांना आत एक हालचाल जाणवते, आणि पाची पाकळ्या क्षणात आत गुंडाळून बिया फटकन उडतात, हाताला लागतात, फरशीवर टपटपतात. कवचाची ती गुंडाळी तळहातावर अळीसारखी ओलसर पडून राहते. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण म्हणतो, आणि मीही ते तेरड्याला कमी लेखायलाच म्हणत आले. तो रंग गेल्यानंतर पुढच्या वर्षाची सगळी तयारी होते, ती पाहायला मी कधी थांबलेच नव्हते. रंग गेला की उपटत होते.

पानगळीचं तर मला आता जास्तच वाईट वाटतं, कारण ज्या गावात मी पोती भरभरून पानं फेकली, त्या गावाचं नाव जगभर पानांच्या खतामुळे माहीत आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, दोघंही वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, १९२४ सालापासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम करत होते. तीच जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. शेतातला काडीकचरा, पानं, तण, शेण, गोमूत्राने भिजलेली माती, थोडी राख, हे थरांनी खड्ड्यात रचायचं, ओलं ठेवायचं, तीनदा उलटायचं, तीन महिन्यांत खत. शेतकरी हे पूर्वीपासून आपापल्या रीतीने करत होता. हॉवर्डनी ते मोजलं, पद्धत बसवली आणि तिला नाव दिलं इंदूरचं. १९३१ साली त्यावरचं पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरं नाव एका मराठी माणसाचं आहे, यशवंत वाड. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही ही जागा पाहिली होती. माझ्या घरापासून ती काही कोसांवर नाही. आता गच्चीवर तीन जुने रांजण आहेत. पारिजातकाची आणि बेलाची पानं त्यात जातात. फाल्गुनात भरलेला रांजण ज्येष्ठात रिकामा करताना हात खालपर्यंत घातला की मऊ, थंड, काळा भुगा लागतो, पहिल्या पावसाच्या वासाचा. या तीन महिन्यांबद्दल मी पूर्वी "बागेत काही नाही" असं लिहिलं असतं.

वृंदावनापुढच्या कुंड्याही मी हलवल्या. त्यालाही एक निमित्त झालं. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराबद्दल वाचत होते. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. इंदूरचा आराखडा करायला होळकर दरबाराने त्यांना बोलावलं तेव्हा शहरात प्लेगची धास्ती होती. त्यांनी १९१७च्या दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. ती नेहमीच्या रस्त्याने न नेता, ज्या रस्त्यावर घरं जास्त स्वच्छ असतील तिथून नेणार असं आधी जाहीर केलं, त्यामुळे घरोघर झाडलोट, रंगसफेदी झाली. घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि लोकांना वाटली ती मातीच्या छोट्या पात्रांतून तुळशीची रोपं. जगभरची झाडं ओळखणाऱ्या माणसाने या शहराला द्यायला तुळस निवडली, जी पौष-माघात काडीकाडी होते आणि जिच्या वाळल्या मंजिऱ्या चुरून मातीत टाकल्या की पावसाळ्यात पुन्हा दाट रोपं उठतात. मी जानेवारीत तीच झाकत होते.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पिटुनिया मला अजून आवडतात. साठच्या वीस कुंड्या झाल्या, पण वीस आहेत, आणि डिसेंबरच्या उन्हात डॉग फ्लॉवरचं तोंड बोटांनी उघडून दाखवल्याशिवाय नातीला झोप लागत नाही. लालबागेत गुलाब फुलले की मी आजही सकाळी जाऊन तासभर हिंडते. शोभेच्या झाडांची हौस ही फालतू गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडेन. फरक इतकाच की वीस कुंड्या संपल्या की त्या उलट्या घालून ठेवते आणि माती गच्चीवर वाळत घालते. पावसापर्यंत त्या तशाच असतात. पहिल्या वर्षी ते पाहून शेजारणीने विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना.

एक गोष्ट मात्र आता मला सहन होत नाही. कोणी मोठे पाहुणे यायचे असले की रस्त्याच्या दुभाजकांवर रातोरात फुललेल्या कुंड्या येतात. एकसारख्या, एकाच रंगाच्या, ओळीने. पाहुणे गेले की पंधरा दिवसांत त्यातल्या निम्म्या वाळून कलंडलेल्या असतात. माझा नातू म्हणाला, "आजी, हे काय वाईट आहे? छान दिसतं की." त्याला मी काय सांगणार? मी माझं अंगण तीस वर्षं तसंच राखलं होतं. फक्त सावकाश. ज्या मोहल्ल्याचं नाव पलासिया, तिथे आता पळस किती उरले असतील कोण जाणे. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर पानसुद्धा नसतं. तो पाहुण्यांच्या तारखेला फुलणार नाही, आणि म्हणूनच या शहरातल्या माणसांनी तो ओळखीचा ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

चाफ्याचं राहिलं. गेल्या महिन्यात चाचीजींच्या मुलीकडे सुदामानगरला गेले होते. तिच्या फाटकाशी चाफा आहे, चांगला दोन पुरुष उंच. चैत्र संपत आलेला, पानं जेमतेम फुटत होती, आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुपके, पांढरे, आत हळदीचा हात लागल्यासारखे. मी बघत उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, "आंटी, ये तो आपकी सासूजी का दिया हुआ है. मेरी शादी में डाली दी थी." लग्नात दिलेली फांदी. मला काही सुचेना. चाफा तोडवल्यावर सासूबाई दहा वर्षं होत्या, त्यांना माहीत होतं की तो सुदामानगरला आहे, आणि त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं.

त्या मुलीने हातभर लांबीची एक फांदी कापून दिली. चाफ्याची फांदी लगेच मातीत खोचली तर कुजते. आधी सावलीत आडवी ठेवून चीक पूर्ण वाळू द्यायचा, काप कोरडा आणि टणक झाला की मग लावायची. मी ती जिन्याखाली, गुलदावदीच्या रिकाम्या कुंड्यांशेजारी ठेवली आहे. पानं होती ती गळली. सून काल झाडताना विचारत होती, ही काटकी टाकून देऊ का. मी नखाने साल थोडी खरवडून तिला आतला हिरवा दाखवला. भिंतीलगतची एक फरशी उचलवून ठेवली आहे, खाली तीच काळी माती आहे. अजून चार दिवस फांदी तशीच ठेवायची आहे.